उद्योगनगरीतील उमेदवारी

‘उमेदवारी’ या शब्दाला निवडणुकीच्याही आधीचा एक अर्थ आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली काम शिकण्यात घालविलेला काळ म्हणजे उमेदवारी. पेढीवरचा जमाखर्च असो वा सोनाराची कारागिरी, या विद्या अशाच आत्मसात होत. मात्र त्यासाठी घराण्याचा, जातीचा किंवा ओळखीचा आधार लागे. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, तो दाराबाहेरच राही. हे दार पिंपरी-चिंचवड परिसरात कसे उघडले, हा इतिहास उद्बोधक आहे.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि शेतीवाडीच्या गावांतून कारखान्यांची धुराडी दिसू लागली. त्याच वर्षी, १ मार्चला, शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अमलात आला. ठरावीक मुदतीचा लेखी करार, विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र, अशी या व्यवस्थेची घडी बसली. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. ओळखीची जागा हक्काने घेतली, ती अशी.

या संदर्भात टेल्कोचे उदाहरण बोलके आहे. १९६६ मध्ये कंपनीने येथे पाय रोवला. या कारखान्यातून पहिले मालवाहू वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. सुमंत मुळगावकर यांनी वाहनांच्या आधी माणसे घडविण्यावर भर दिला. फिटर, टर्नर, मशिनिस्ट म्हणून तयार होणाऱ्या तरुणांना यंत्राबरोबर शिस्त व अचूकताही शिकावी लागे.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही आहे. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर सरसकट घातलेले नाही. शिवाय गावाकडून चाकण-भोसरीत आलेल्या गरीब मुलाला विद्यावेतनातून खोलीचे भाडे आणि खाणावळ भागवावी लागते. घरून चार पैसे येणारा टिकतो. घरी चार पैसे पाठवावे लागणारा मध्येच सोडून कंत्राटी काम धरतो. म्हणजे दार उघडले, तरी उंबरठा उंचच राहिला.

२०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज अन्य व्यवसायांनाही या व्यवस्थेत अधिक वाव दिला. २०१९ च्या नियमांनी शिक्षणानुसार मासिक ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरविले. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेणे बंधनकारक केले, तर चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले.

या ‘ऐच्छिक’ शब्दातच समाजाच्या कर्तव्याची जागा आहे. मोठ्या कारखान्यांना कायदा पुरे. भोसरीतील लहान वर्कशॉप आणि बाजारपेठेतील दुकान यांना मात्र मनाची प्रेरणा हवी. एका गरजू मुलाला उमेदवार म्हणून घ्यावे, त्याच्या निवास-भोजनाची सोय लावावी आणि मुदत संपल्यावर योग्य ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकावा. एकेकाळी आप्तांपुरता राखलेला तो शब्द परक्याच्या मुलासाठी खर्ची पडला, तर त्याहून मोठे ज्ञानदान कोणते?