वेळ परत देणारं घड्याळ

जिंकत आलेला डाव निव्वळ वेळ संपली म्हणून हरणं! बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळं आली खरी, पण काट्याच्या घड्याळात वेळ फक्त खर्च व्हायची. बॉबी फिशरने इलेक्ट्रॉनिक घड्याळाचं पेटंट १९८९ मध्ये मिळवलं. कल्पना साधी: खेळी करा, थोडी वेळ खात्यात परत जमा. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात स्पास्कीविरुद्ध तो याच पद्धतीने खेळला. आज मोठ्या स्पर्धांत खेळीमागे सहसा ३० सेकंद मिळतात. आपल्यासारख्या प्रोग्रॅमरला ही एका ओळीची बेरीज वाटेल. पण त्या बेरजेमुळेच शेवटच्या घटकेला हात चालवण्याऐवजी डोकं चालवता येतं. इतका माणुसकीचा कोड मी तरी अजून लिहिलेला नाही.