धारावी, पण ती नव्हे!

भाईंदर म्हटलं की आठवते ती गच्च भरलेली लोकल. पण कधीतरी रविवारी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडा... मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात. मुर्धा हे आगरी लोकांचं गाव. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. पुढे डोंगरी, मग चौक. तिथल्या टेकडीवर आहे धारावीचा किल्ला. (सर्च माराल तर मुंबईतली धारावी समोर येईल. ती नव्हे!)

रायगड डोक्यात ठेवून गेलात तर निराशा होईल. आहेत ते थोडेफार अवशेष. मलाही प्रश्न पडला, एवढ्याशा जागेसाठी लढाई कशाला?

उत्तर समोरच आहे. खाडीपलीकडे वसईचा किल्ला! १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे. तिला समुद्रातून रसद मिळत राहिली, तर नुसत्या जमिनीवरच्या वेढ्याने काय होणार? खाडीचं तोंड ज्याच्या नजरेत, त्याच्या हाती वसईची नाडी. म्हणून १७३७ मध्ये ठाणं घेऊनही मराठ्यांचं काम संपलं नव्हतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत धारावी पडली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई.

वसईला सगळेच जातात. पण ती कशी पडली, हे कळतं इथून. या जागेचं मोल भिंतींपेक्षा तिथून जे दिसतं त्यात आहे. पडकी भिंत पुन्हा बांधता येईल हो, पण मध्ये टॉवर उभे राहिले तर ती गोष्टच पुसली जाईल. तेव्हा दगडांबरोबर समोरचं मोकळं पाणीही जपायला हवं.