मेंदूची वीज आणि सरासरीचा हिशेब

कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने मेंदूच्या विजेवर बोलावे, याचे पिंपळे गुरवच्या श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु सरासरीशी आमची जुनी ओळख आहे, आणि या शास्त्राचा बराच इतिहास सरासरीचाच आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी सशांच्या व माकडांच्या मेंदूत विजेचे प्रवाह आढळल्याचे जाहीर केले. पुढे येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील वीज टिपली व १९२९ मध्ये तो शोध प्रसिद्ध केला.

अडचण अशी की, मेंदूत सदैव गलबला चालू असतो. एखाद्या आवाजाला त्याने दिलेले उत्तर त्यात बुडून जाते. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५१ मध्ये त्यावर बेरजेचे यंत्र पुढे आणले. तीच चेतना पुनःपुन्हा द्यावयाची आणि दर वेळचा आलेख मिळवीत जावयाचा. नेमक्या त्याच क्षणी उमटणारे साचत जाते, बाकीचे चढउतार एकमेकांस खोडतात. साचलेल्या या उत्तरास ‘इव्होक्ड’ म्हणतात.

पण खोडले गेले ते सारे निरर्थक होते काय? समजा, भोंगा झाला की एक कामगार रोज कानस चालवू लागतो. मात्र त्याच एका क्षणी हात कधी पुढे असतो, कधी मागे. शंभर दिवसांची सरासरी काढली, तर हात जागचा हललाच नाही असे उत्तर येईल! श्रम मात्र शंभर दिवस झालेच. म्हणून आधी प्रत्येक दिवसाचे श्रम मोजावे, मग सरासरी काढावी. ग्राझच्या गर्ट फुर्टशेलर यांनी १९७७ मध्ये हाच क्रम धरला: प्रत्येक आलेखाचा आधी वर्ग, नंतर सरासरी. या एकूण बळातून साचलेल्या उत्तराचे बळ वजा केले, की उरते ते ‘इंड्यूस्ड’.

१९९६ मध्ये फ्रान्समधील कॅथरीन तालाँ-बोद्री व सहकाऱ्यांनी लोकांना त्रिकोणाची आकृती दाखविली. सेकंदाला सुमारे चाळीस वेळा हेलावणारी इव्होक्ड लहर त्रिकोण असो वा नसो, सारखीच आली. इंड्यूस्ड लहर मात्र त्रिकोण दिसला तेव्हा अधिक बळावली.

तरीही जे उरले ते सारे मेंदूचेच, असे मानता येत नाही. जेरुसलेमच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले की, डोक्यावरून टिपलेल्या अशा जलद लहरी डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींतूनही येतात. तेव्हा सरासरीत हरवलेले शोधावे, आणि सापडले ते कोणाचे याचीही चौकशी करावी. वेतनाच्या तक्त्यांपुढे बसताना आम्ही हीच रीत पाळतो.