लहान पार्सल, मोठे हशील

पैठणीच्या कापडाची पर्स, कोल्हापुरी चपलांचा जोड, चांदीची कर्णफुले किंवा दिवाळीच्या फराळाचा डबा. घरगुती उद्योग करणाऱ्या विक्रेत्याला अशा वस्तूंसाठी परदेशी ग्राहक मिळवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते वस्तू त्याच्या दारापर्यंत पोचवणे. अनेकदा वस्तूच्या किमतीहून ती पाठवण्याचा खर्चच अधिक होतो. हा खर्च केवळ अंतरावर ठरत नाही. देशोदेशींच्या टपाल खात्यांतील करार, खोक्याचे आकारमान आणि पलीकडच्या देशातील आयातशुल्क यांवर तो प्रामुख्याने अवलंबून असतो. हे गणित न मांडता किंमत लावणारा छोटा विक्रेता माल विकला जाऊनही तोट्यात जाऊ शकतो.

स्वस्त टपालाची कहाणी

आज 'युनिव्हर्सल पोस्टल युनियन' या नावाने ओळखली जाणारी संघटना १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या करारातून जन्माला आली. भारत १८७६ मध्ये तिचा सभासद झाला. प्रत्येक पत्राला उत्तर जातेच, असे तेव्हा गृहीत धरण्यात आले होते. त्यामुळे तिकीट विकणाऱ्या देशाने पैसे ठेवून घ्यावेत आणि दुसऱ्या देशाने आलेले पत्र मोबदल्याविना वाटावे, अशी रीत पडली. पुढे टपालाचा ओघ एकतर्फी होऊ लागला. तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात 'टर्मिनल ड्यूज' म्हणजे वाटपाचा मोबदला देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आणि १९७१ पासून ती अमलात आली. कालांतराने विकसनशील देशांसाठी या मोबदल्याचे दर कमी ठेवले गेले.

दोन किलोपर्यंतचे 'स्मॉल पॅकेट' पत्रांच्याच वर्गात मोडत असल्याने या सवलतीचा लाभ मालालाही मिळाला. इंटरनेटवरील व्यापार वाढताच त्यातील विसंगती उघड झाली. चीनमधून अमेरिकेत पाकीट पाठवणे हे अमेरिकेतल्या अमेरिकेत ते पाठवण्याहून स्वस्त पडू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथील विशेष अधिवेशनात तडजोड झाली आणि अमेरिकेला जुलै २०२० पासून वाटपाचे दर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. इतर देशांनाही ती टप्प्याटप्प्याने देण्यात आली. वाटपाचा मोबदला वाढला की पाठवणाऱ्या देशाच्या टपाल खात्यावरील भार वाढतो आणि अखेरीस तो टपाल खिडकीवर उभ्या असलेल्या ग्राहकाकडून वसूल होतो.

'संथ पण स्वस्त' हा पर्यायही आक्रसत गेला आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने परदेशी जाणारे सागरी टपाल २००७ मध्येच बंद केले. भारतीय टपाल खात्यानेही परदेशी जाणाऱ्या मालासाठीची रजिस्टर्ड स्मॉल पॅकेट सेवा १ जानेवारी २०२६ पासून बंद केली. छोट्या मालासाठी इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट आणि आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट हे टपालाचे प्रमुख मार्ग आहेत.

वजन कशाचे मोजतात?

आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचे दर २५० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतात. साहजिकच २६० ग्रॅमच्या पार्सलला ५०० ग्रॅमचे हशील पडते. केवळ वेष्टन हलके केल्यानेही एक टप्पा वाचू शकतो.

खासगी कुरिअर कंपन्या मात्र प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार करून त्याला ५,००० ने भागले की आकारमानी वजन किलोत मिळते. ३० × २० × १५ सेंटीमीटरच्या खोक्यात ७०० ग्रॅमची मूर्ती असली, तरी तिचे आकारमानी वजन १.८ किलो भरते. अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी आकारणी असल्यास बिल दोन किलोंचे येते. चिवडा, चकल्या किंवा कापडी बाहुल्या अशा हलक्या पण जागा व्यापणाऱ्या वस्तूंना हा नियम विशेष जाचक ठरतो.

शुल्काचा भार

टपालखर्चाइतकेच महत्त्व आता आयातशुल्काला आले आहे. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्कमुक्त होता. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. शुल्क कोणी व कसे वसूल करायचे याची व्यवस्था तयार नसल्याने भारतासह अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेकडील माल स्वीकारणे तात्पुरते बंद केले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतातून ही सेवा पुन्हा सुरू झाली, ती पाठवणाऱ्याकडूनच शुल्क आगाऊ घेण्याच्या पद्धतीने. त्या वेळी हे शुल्क घोषित किमतीच्या ५० टक्के होते. म्हणजे दोन हजारांच्या वस्तूवर एक हजार रुपये. असे दर वाटाघाटींनुसार बदलतात. त्यामुळे पार्सल पाठवण्याच्या दिवशीचा दर पाहणेच इष्ट.

युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालावरील करमाफी जुलै २०२१ मध्ये रद्द केली. १५० युरोपर्यंतच्या मालावर १ जुलै २०२६ पासून तीन युरोंचे ठोक सीमाशुल्क आकारण्याचा निर्णयही डिसेंबर २०२५ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियात १,००० डॉलरपर्यंतच्या आयात मालावर जुलै २०१८ पासून वस्तू व सेवा कर लागू आहे.

विक्रेत्याने काय पाहावे?

व्यापारी निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड क्रमांक काढावा लागतो. टपालाने माल पाठवताना 'पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट' भरावे लागते. या कामी साह्य करण्यासाठी टपाल खात्याने २०२२ पासून 'डाकघर निर्यात केंद्रे' सुरू केली असून त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे.

घोषणापत्रावर वस्तूचे नेमके वर्णन आणि खरी किंमत लिहिणे आवश्यक आहे. 'गिफ्ट' असा शिक्का मारून शुल्क वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र विकलेली वस्तू भेट ठरत नाही. खोटी घोषणा उघडकीस आल्यास माल अडकतो, दंडही होऊ शकतो. शिवाय किंमत कमी दाखवली असेल, तर पार्सल गहाळ झाल्यावर भरपाईही त्या कमी किमतीच्या आधारेच मागावी लागते.

खाद्यपदार्थांचे नियम आणखी कडक आहेत. विक्रीचा फराळ अमेरिकेत पाठवण्यापूर्वी तेथील अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थांच्या पार्सलवर कडक निर्बंध आहेत. म्हणजे खव्याची मिठाई पाठवणे धोक्याचे.

वस्तूची किंमत, वेष्टन, हशील, शुल्क, चलन बदलण्याचा आकार आणि परत आलेल्या मालाचा संभाव्य भुर्दंड, एवढ्या सगळ्यांची बेरीज विक्रीपूर्वी करावी लागते. एकेक वस्तू वेगळी पाठवण्याऐवजी दोन-तीन वस्तूंची मागणी एकत्र घेतल्यास प्रत्येकीमागचा खर्च उतरतो. शुल्क कोण भरणार, हे ग्राहकाला आधीच लेखी कळवलेले बरे. कारण ग्राहकाने शुल्क नाकारून परत पाठवलेल्या पार्सलचा दुहेरी खर्च विक्रेत्याच्याच माथी येतो.