गाडी, गाणं आणि मधली वायर

विषयाचं नाव ऐकून मघाशी एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, मुळशीत इतिहास सांगायचा तर सेनापती बापट सांगा, १९२१ चा सत्याग्रह सांगा, टाटांचं धरण सांगा. गाडीतला टेप हा काय इतिहासाचा विषय आहे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून तासभर मागितला आहे. शेवटी तुम्हीच ठरवा.

सुरुवात आजच्या सकाळपासून करतो. चांदणी चौकातून निघालो, भूगाव, पिरंगुट, पौड करत इथं आलो. फोन माझ्या खिशात होता. त्यातलं भजन गाडीच्या चारही दारांतून ऐकू येत होतं. मधे एकही वायर नाही. यात आपल्याला आता काही विशेष वाटत नाही. पण गाडीत आवाज आला १९३० च्या सुमारास, आणि आपल्या खिशातलं गाणं गाडीच्या स्पीकरपर्यंत विनासायास पोचायला त्यानंतर पाऊणशे वर्षं लागली. या पाऊणशे वर्षांत एक भांडण चालू होतं. गाडीतला आवाजाचा डबा कंपनी देते, गाणं मात्र माणूस आपलं आपण आणतो. या दोघांची गाठ कशी घालायची?

१९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला. 'मोटोरोला' हे नाव त्यातूनच आलं. रेडिओ आला, पण त्यावर केंद्र लावेल तेच ऐकायचं. आपल्या आवडीचं गाणं गाडीत ऐकायचं तर काय करायचं? १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीनं चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला. खास सात इंची तबकड्या, मिनिटाला साडेसोळाच्या आसपास फेरे. सुई उडू नये म्हणून खटाटोप केला, तरी खड्डा तो खड्डा. आपल्या पौड रस्त्यावर पावसाळ्यात ती तबकडी चालवून बघा म्हणजे कळेल! तो प्रयोग काही वर्षांत बारगळला. पुढं १९६३ मध्ये फिलिप्सनं छोटी कॅसेट आणली. लू ऑटन्स या अभियंत्याच्या हाताखाली ती तयार झाली. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. हादऱ्याला न घाबरणारी, खिशात मावणारी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी भरता येणारी. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचं आहे.

आता आपल्याकडं येऊ. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं, विविध भारती १९५७ मध्ये. पण रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागायचा. पोस्टात जाऊन शुल्क भरायचं, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. आणि गाड्या कुठल्या? अँबॅसॅडर आणि फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. या गाड्या घेतल्या तर सहसा टेप मिळायचा नाही. डॅशबोर्डमध्ये एक चौकोनी खाच असायची, तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण. खाच रिकामी, भरायची मालकानं.

माझ्या मते आपल्या गोष्टीतली सगळ्यात लोकशाहीवादी वस्तू म्हणजे ती रिकामी खाच. का, ते सांगतो. जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेनं तिचं माप ठरवून दिलं, सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. पुढं तेच जागतिक मानक झालं. माप एक असल्यामुळं कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीत बसू लागला. मग नाना पेठेतल्या दुकानातून टेप घ्या, तपकीर गल्लीतून स्पीकर आणि वायर घ्या, दुबईहून मेहुण्यानं आणलेला असेल तर तो बसवा. बसवणारा मिस्त्री कुठलं शिक्षण घेऊन आलेला नसायचा. लाल वायर किल्लीवर, पिवळी थेट बॅटरीवर, काळी बॉडीला, हे तो हातानं शिकलेला. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन अंडाकृती स्पीकर, की झाली गाडी गाती.

त्या खाचेतून काय वाजलं? ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि बाजार उलटापालटा झाला. तोवर ग्रामोफोन कंपनी ठरवेल ते गाणं निघायचं. आता छोट्या शहरातला माणूसही कॅसेट काढू लागला. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, बाबामहाराज सातारकरांची कीर्तनं, हरिपाठ, शाहिरांचे पोवाडे, हे सगळं गावागावांत पोचलं ते कॅसेटवर. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या कॅसेट संस्कृतीवर आख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडं त्याचं ग्रंथालय म्हणजे वडापची जीप. दहा माणसं आत, दोन मागं लटकलेली, आणि काय वाजणार हे ठरवणार ड्रायव्हर. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. पुण्यात लावली की संपायच्या आत पौड यायचं. रस्ता असा कॅसेटनं मोजणारी माणसं मी बघितली आहेत.

मग भांडण कुठं सुरू झालं? १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विकायला आला. गाणं माणसाच्या कमरेला लागलं. पुढं १९८४ मध्ये हातात मावणारा सीडी प्लेअर, नव्वदच्या दशकात एमपी-थ्री, २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड. खिशातलं यंत्र दर चार वर्षांनी बदलू लागलं. गाडी मात्र दहा-पंधरा वर्षं टिकते. त्यामुळं खिशात एक हजार गाणी आणि डॅशबोर्डमध्ये कॅसेटचं तोंड, अशी विचित्र अवस्था आली. ही गाठ घालायला माणसांनी ज्या युक्त्या काढल्या, त्यांत मला खरी बुद्धी दिसते. तीन मुख्य युक्त्या सांगतो.

पहिली, वायर लावलेली खोटी कॅसेट. लॅरी शॉट्झ या अमेरिकन अभियंत्याच्या नावावर हा शोध आहे. दिसायला कॅसेट, आत फीत नाही. फितीच्या जागी एक छोटं चुंबकीय हेड. प्लेअरमधून आलेला विद्युत संकेत हे हेड चुंबकीय करतं आणि समोर टेपचं हेड असतं ते त्याला फीतच समजतं. आतली दातेरी चाकं नुसती फिरत राहतात, कारण चाकं थांबली तर टेपला वाटतं कॅसेट संपली. म्हणजे ही यंत्राला घातलेली टोपी आहे! काही टेप स्वतःहून बाजू पलटायचे, तिथं मात्र बिंग फुटायचं. बाजू पलटली की आवाज गुल.

दुसरी युक्ती, एफएम ट्रान्समीटर. सिगारेट पेटवायच्या सॉकेटमध्ये खोचायचा, प्लेअर त्याला जोडायचा, तो चार-दोन मीटरपुरतं आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र चालवतो. गाडीचा रेडिओ त्या आकड्यावर लावायचा. अट एकच, तो आकडा रिकामा हवा. आणि इथं मुळशीचा भूगोल येतो. पुण्यात ९१.१ वर एक केंद्र, ९८.३ वर दुसरं, १०१ वर विविध भारती. मधल्या जागेतही खरखर. शिवाय चांदणी चौकातल्या कोंडीत शेजारच्या गाडीवाल्यानं तोच आकडा धरलेला असला, तर त्याची लावणी तुमच्या अभंगात. पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपल्या. पौड मागं पडलं, धरणाचा काठ लागला, ताम्हिणीच्या बाजूला वळलात की पुण्याची केंद्रं एकेक करून विझतात. त्या शांततेत तो शंभर-दोनशे रुपयांचा ट्रान्समीटर स्वच्छ वाजायला लागतो. शहरात निकामी ठरलेली वस्तू आपल्या डोंगरात कामाला आली, असं फार वेळा होत नाही.

तिसरी युक्ती सगळ्यात सरळ, थेट वायर. साडेतीन मिलिमीटरची ती पिन तुम्ही सगळ्यांनी हाताळली आहे. तिचा मोठा भाऊ, पाव इंची पिन, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला. ऑपरेटर बाई एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायची, तीच. टोकावर डावा आवाज, मधल्या कडीवर उजवा, मागं दोघांची सामाईक अर्थिंग. ज्या स्टिरिओला ऑक्सचं भोक होतं त्याचा प्रश्न मिटला. ज्याला नव्हतं, त्याच्या पाठीमागं कधीकधी सीडी चेंजरसाठी सॉकेट असायचं, हुशार मिस्त्री तिथून वाट काढायचे.

माझीही एक फजिती सांगतो. जुन्या गाडीला एका दुकानातून अशी वायर काढून घेतली. घाटात गाडी चढायला लागली आणि किशोरीताईंच्या आलापामागं एक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर वर, सोडला की खाली. दुकानदार म्हणाला, प्लेअर खराब आहे. प्लेअर ठणठणीत होता. झालं होतं असं, की प्लेअर सॉकेटमधून चार्ज होत होता आणि त्याच वेळी आवाजाच्या वायरनं स्टिरिओला जोडलेला होता. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या, त्यांचं वेटोळं बनलं, आणि अल्टरनेटरचा आवाज त्या वेटोळ्यातून गाण्यात शिरला. चार्जर उपटला, शिट्टी बंद. कायमचा उपाय म्हणजे मधे एक छोटा आयसोलेटर. त्यात दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात, ते गाणं पुढं जाऊ देतात, पण तारेची सलगता तोडतात. आजही कुणाच्या गाडीत शिट्टी येत असेल तर आधी चार्जर काढून बघा, स्टिरिओ बदलू नका.

यानंतर कंपन्या जाग्या झाल्या. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूनं आयपॉड जोडायची सोय दिली. आपल्याकडं मात्र राज्य केलं पेन ड्राइव्हनं. पौडच्या, पिरंगुटच्या मोबाईल दुकानांवर पाट्या असायच्या, मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील. गाणी कुणाची, हक्क कुणाचे, हे कुणी विचारायचं नाही, ती वेगळी आणि फारशी अभिमानाची नसलेली बाजू. मग ब्लूटूथ आलं, वायरच गेली. २०१६ मध्ये आयफोननं पिनेचं भोकही बुजवलं. आणि डॅशबोर्डमधली ती प्रमाण मापाची खाचही गेली. आता तिथं कंपनीचा पडदा असतो, गाडीच्या सगळ्या यंत्रणेत गुंतलेला. मिस्त्रीनं हात लावला तर वॉरंटी जाते. सोय वाढली, हे खरंच आहे. पण पडदा बिघडला तर नाना पेठेतून दुसरा आणून बसवता येत नाही, हेही तितकंच खरं.

आता त्या ज्येष्ठांच्या प्रश्नाकडं येतो. याचा मुळशीशी काय संबंध?

ऐंशीच्या दशकात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, याच मुळशी-मावळच्या गावांत, गरीब डोंगरी संघटनेचं काम करता करता बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. जे आवाज पहाटेच्या घराबाहेर कधी गेले नव्हते, ते एका हातात उचलता येणाऱ्या यंत्रामुळं टिकले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर ते कुणालाही ऐकता येतात. सत्याग्रहाच्या लढ्यातल्या पुढाऱ्यांची नावं आपल्याला इतिहासानं दिली. धरणाखाली गेलेल्या आणि काठावर उरलेल्या गावांतल्या बायका काय गात होत्या, हे मात्र अशा यंत्रांनी सांभाळलं. म्हणून टेप हा इतिहासाचा विषय आहे.

पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन बघा. धबधब्यापाशी गाड्यांची दारं उघडी, आवाज एवढा मोठा की पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. मी तक्रार करायला उभा नाही. पण ज्या दरीतून ते गाणं घुमतं, त्या दरीचं स्वतःचं गाणं त्याच फोनवर, त्याच स्पीकरवर वाजू शकतं, आणि बहुतेकांना ते माहीत नाही, याची रुखरुख वाटते. आज येताना मी भजनानंतर ओव्याच लावल्या होत्या.

शेवटी एक विनंती. मघाशी म्हणालो होतो, कॅसेट घरी भरता यायची. तुमच्या घरात माळ्यावर अशा कॅसेट असतील. आजीचं गाणं, गावच्या सप्ताहातलं भजन, आजोबांनी लग्नात म्हटलेल्या मंगलाष्टका. आपल्याकडचा पाऊस फितीला मानवत नाही. बुरशी धरते, फितीमागची स्पंजाची गादी गळून पडते. यंदाच्या पावसाआधी त्या खाली काढा. बुरशी असेल तर थेट वाजवू नका, जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर एक चालू टेप शोधा, आणि ड्रॉवरमध्ये पडलेली ती साडेतीन मिलिमीटरची वायर काढा. एक टोक टेपच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं संगणकाच्या आवाज घ्यायच्या भोकात. पूर्ण कॅसेट एकदा वाजू द्या आणि मुद्रित करा. फाईलला नाव द्या, गाव लिहा, साल लिहा.

ज्या वायरनं आपण इतकी वर्षं बाहेरचं गाणं गाडीत आणलं, तीच वायर उलटी लावली की घरातलं गाणं वाचतं.

प्रश्न असतील तर घेतो, आणि कुणी कॅसेट बरोबर आणली असेल तर आधी ती बघू.