‘आमच्या आयांना कुठे होतं डिप्रेशन?’

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो मांडणारे काही मूर्ख नाहीत. ‘आमच्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, सासुरवास सोसला, जन्म चुलीपुढे गेला. त्यांना कुठे डिप्रेशन आलं? आणि पोरं तर धडधाकट निघाली!’ यात दोन दावे आहेत. आईच्या मनाचे चोचले हे पाश्चात्त्य खूळ आहे, हा एक. पोराला वेळेवर खायला-प्यायला मिळालं की आईच्या मनात काय चाललंय याने त्याचं काही अडत नाही, हा दुसरा.

पहिल्याचा निकाल लवकर लागतो. गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींत चरकसंहिता पहिला मान देते तो मनाच्या प्रसन्नतेला. अंगावरचं दूध का आटतं हे सांगताना सुश्रुत राग आणि शोक यांचं नाव घेतो. ताणामुळे पान्हा अडतो, हे आजचं शरीरशास्त्रही मानतं. खूळच म्हणायचं तर ते बरंच जुनं आणि घरचं आहे. राहिली आजी. तिला काही झालं नव्हतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. तिच्या काळी किती मुलं पाच वर्षांची होण्याआधीच गेली, हेही ‘धडधाकट निघाली’ म्हणताना कुणी मोजत नाही.

दुसऱ्या दाव्यासाठी गोव्यात जावं लागेल. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांची माहिती घेतली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा गाठलं. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सव्वा महिना उलटून गेल्यावर, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी, २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पुढच्याच वर्षी बाळांचा हिशेब आला. नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि लांबीत मागे पडण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक होता.

यावर चतुर वाचक म्हणेल, गरिबीने आईही खचली आणि बाळही खंगलं. दोष मनाचा कशावरून? आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर पाहणीतून मिळत नाही, उपचार करून पाहावे लागतात. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी तेच केलं. नैराश्य असलेल्या ९०३ बायकांपैकी निम्म्यांच्या घरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना मनाला उभारी देणाऱ्या संवादाचं शिक्षण दिलं. उरलेल्यांकडे सेविका तितक्याच वेळा गेल्या, पण नेहमीसारख्या. गरिबी दोन्हीकडे सारखीच. सहा महिन्यांनी पहिल्या गटात २३ टक्के बायकांना नैराश्य उरलं होतं, दुसऱ्यात ५३ टक्के. पहिल्या गटातल्या बाळांना जुलाब कमी झाले, त्यांच्या लशी अधिक नियमाने पूर्ण झाल्या. वजनात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. म्हणजे गरिबीचा मुद्दा वजनापुरता उभा राहतो, पण सगळा दावा काही त्यावर तरत नाही.

इथे जुन्या पक्षाचा पराभव झाला म्हणून नव्या पक्षाने टाळ्या पिटू नयेत. ‘आई आनंदी तर घर आनंदी’ हे वाक्य आता मातृदिनाच्या जाहिरातींत सर्रास दिसतं. ऐकायला गोड, पण त्याचा अर्थ असा होतो की घर उदास असेल तर चूक आईची. पूर्वी तिने सोसायचं होतं. आता सोसून वर हसायचं, शिवाय पहाटे उठून ध्यानही करायचं! गोव्याचा अभ्यास नेमकी उलटी दिशा दाखवतो. आयांच्या नैराश्यामागे त्यात सापडलं काय, तर पैशाची चणचण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. मारहाण आणि उपासमार यांचा परिणाम कसा होतो, हेही मुलगा झाला की मुलगी यावर बदलत होतं. यांतलं एकही कारण एकट्या आईच्या हातातलं नाही. घर आईच्या मनावर चालतं हे खरं असेल, तर आईचं मन घराने घडतं हेही तितकंच खरं मानावं लागेल. बाप तर या सगळ्या चर्चेत बहुधा नुसता कमावता म्हणून येतो. रावळपिंडीच्या प्रयोगात पहिल्या गटातल्या आयांबरोबर बापही बाळाशी खेळण्यात अधिक वेळ घालवू लागले होते, हे म्हणूनच मला वजनाच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रात आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. यांतली शेवटची भेट ४२व्या दिवशी असते, म्हणजे गोव्यातल्या आयांची चौकशी झाली जवळपास त्याच सुमारास. बाळंतिणीचं नैराश्य ताडण्यासाठी एडिनबरोची दहा प्रश्नांची यादी १९८७पासून वापरात आहे. ती त्या भेटीत विचारली जावी, आणि नवऱ्याला व सासूला शेजारी न बसवता विचारली जावी. त्याहून बरं म्हणजे गरोदरपणातच सुरुवात करावी. गोव्यात बाळंतपणानंतर नैराश्य आढळलेल्या बायकांपैकी ७८ टक्क्यांचं मन पोटुशी असतानाच बिघडलेलं होतं.