आधी कोण उठणार? ईएआरमधल्या क्रमाची गोष्ट

आजचा भाग ऑफिसमधला वाटेल, पण गोष्ट इतिहासाचीच आहे.

नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं, तेव्हा आम्ही विम्याचं एक जुनं ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरवर हलवलं. शनिवारची रात्र. ॲप्लिकेशन म्हणजे एक ईएआर फाइल. तिच्या पोटात ईजेबीचं एक जार आणि वेबचं एक वॉर. वॉर चालू होताना त्यातला लिसनर ईजेबीला नावानं शोधायचा आणि हप्त्यांचे दर मागून घ्यायचा. पहिल्यांदा चालू केलं, उठलं. दुसऱ्यांदा 'हे नाव सापडत नाही' म्हणून आडवं. तिसऱ्यांदा परत उठलं. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही! सिनियर म्हणाले, "अरे, अजून एकदा रीस्टार्ट मार, उठेल." उठलंही. पण सोमवारी शाखा उघडताना ते उठेल का, हे छातीठोक कोण सांगणार? आणि साइन-ऑफच्या मेलवर नाव माझं होतं.

मग मी इतिहासात शिरलो.

डिसेंबर 1999 मध्ये जेटूईई 1.2 आलं. ईएआरमध्ये कोणकोणती मॉड्यूल्स आहेत ते ॲप्लिकेशन डॉट एक्सएमएलमध्ये लिहायचं, हे तेव्हापासूनचं. पण त्यांतलं आधी कोणी चालू व्हायचं? स्पेसिफिकेशन गप्प. मला आधी हा निव्वळ हलगर्जीपणा वाटला होता. आता तसं वाटत नाही. मॉड्यूल्स एकमेकांपासून सुटी असावीत आणि बाकीचं कंटेनरनं बघावं, अशी त्यामागची कल्पना होती. कागदावर छानच की.

प्रत्यक्षात लोकांनी जुगाड केले. सर्व्हलेटला 'लोड-ऑन-स्टार्टअप' आकडा देता यायचा, लहान आकडा आधी. पण तो एका वॉरपुरता. ईजेबीत चालू होतानाच काही करायची प्रमाणित सोयच नव्हती, म्हणून तेवढ्यासाठी वॉरमध्ये एक नावापुरतं सर्व्हलेट ठेवायचे. वेबलॉजिकनं स्वतःचे स्टार्टअप क्लास दिले आणि डिप्लॉयमेंटला क्रमांक दिला, न सांगितल्यास 100. जेबॉसच्या जुन्या आवृत्त्या फाइलच्या शेपटीवरून क्रम लावायच्या. प्रत्येक सर्व्हरचं गणित वेगळं, त्यामुळे सर्व्हर बदलला की जुगाड मागेच राहायचा.

उत्तर मिळायला दहा वर्षं लागली. डिसेंबर 2009 च्या जावा ईई 6 मध्ये दोन गोष्टी आल्या. ईजेबी 3.1 मध्ये सिंगलटन, स्टार्टअप आणि डिपेंड्सऑन: हा बीन उठायच्या आधी तो उठवा, असं कोडमध्येच लिहायचं. आणि ॲप्लिकेशन डॉट एक्सएमएलमध्ये 'इनिशियलाइझ-इन-ऑर्डर' हा टॅग. तो ट्रू केला, की मॉड्यूल्स यादीत लिहिलेल्या क्रमानंच चालू झाली पाहिजेत. न लिहिल्यास फॉल्स! म्हणजे सोय आली, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षांनी, 2011 मध्ये, जेबॉस 7 आला. लवकर उठावं म्हणून तो सेवा समांतर चालू करतो. त्यामुळे योगायोगानं टिकलेला क्रम अशा सर्व्हरवर मोडतो.

आमचं नेमकं हेच झालं होतं. जुना सर्व्हर एकेक मॉड्यूल उचलायचा आणि नशिबानं ईजेबीच आधी उचलायचा. आमच्या फाइलच्या डोक्यावर आवृत्ती होती 1.4, म्हणजे 2003 च्या जेटूईईची. त्या स्कीमात हा टॅगच नाही. आवृत्ती 6 केली, टॅग टाकला, चालू केलं. आता ते प्रत्येक वेळी पडायला लागलं!

पाच मिनिटं मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. मग यादी वाचली. कोणीतरी कधीकाळी वॉर सगळ्यात वर लिहिलं होतं. इतकी वर्षं त्या क्रमाला काही अर्थ नव्हता, तो मी दहा मिनिटांपूर्वी दिला होता. ईजेबीची ओळ वर नेली आणि पहाटे साडेचारपर्यंत वीस वेळा रीस्टार्ट केलं. वीसच्या वीस वेळा उठलं. मग मेल पाठवली.